रक्त झाईरचे, नाव परदेशाचे : इबोलाच्या शोधाची दुसरी बाजू

१/ सप्टेंबर १९७६. झाईरच्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) उत्तर भागातील याम्बुकू गावी, मिशनच्या रुग्णालयात एका अनोळखी तापाने माणसे दगावू लागली. जगाला इबोलाची ओळख झाली ती येथून. पण या शोधाचे श्रेय कोणाच्या नावे नोंदले गेले? #थ्रेड

२/ सरकारने राजधानी किन्शासाहून ज्यांना तपासासाठी धाडले, त्यांत ज्याँ-जाक मुयेम्बे होते. १९४२ साली जन्मलेले मुयेम्बे बेल्जियममध्ये विषाणुशास्त्राची डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले होते.

३/ हातमोजे नव्हते. मुयेम्बे यांनी उघड्या हातांनीच रुग्णांचे रक्त काढले. सुई काढल्यावरही रक्त थांबत नसे. त्यांची बोटे त्यात माखत. साबण आणि पाणी एवढेच संरक्षण. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० मरण पावले. रुग्णालयाच्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जण त्यांत होते.

४/ आजारी पडलेल्या एका ननला मुयेम्बे यांनी किन्शासाला नेले. तेथे तिचा मृत्यू झाला. तिचे रक्त थर्मासमधून, विमानाने बेल्जियममधील अँटवर्पच्या संस्थेत पोहोचले. ते तपासणाऱ्यांत २७ वर्षांचे पीटर पिओट होते. पुढे नमुने इंग्लंडमधील पोर्टन डाउन आणि अमेरिकेतील अटलांटा येथे गेले. विषाणू नवा असल्याचे सिद्ध झाले.

५/ मार्च १९७७ मध्ये ‘द लॅन्सेट’च्या एकाच अंकात या विषाणूवर तीन शोधनिबंध प्रसिद्ध झाले : अँटवर्प, पोर्टन डाउन आणि अटलांटा यांचे. तिन्हींच्या लेखकांत मुयेम्बे यांचे नाव नव्हते. पुढे कित्येक दशके ‘इबोलाचा सहशोधक’ म्हणून पिओट ओळखले गेले.

६/ यामागे कोणाचा कट शोधण्याची गरज नाही. व्यवस्थाच तशी होती. १९६० साली स्वतंत्र झाला तेव्हा काँगोत एकही काँगोली पदवीधर डॉक्टर नव्हता. वसाहतवादी राजवटीने तो घडू दिला नव्हता. जेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, तेथे निबंध. जेथे निबंध, तेथे निधी. आणि जेथे निधी, तेथेच पुढचे नमुने. या चक्राला आज ‘पॅराशूट संशोधन’ म्हणतात.

७/ एक आक्षेप रास्त आहे : केवळ नमुने गोळा केल्याने कोणी लेखक ठरतो का? वैद्यकीय नियतकालिकांचे आजचे नियमही ‘नाही’ म्हणतात. मात्र तेच नियम असेही सांगतात, की ज्याचे योगदान भरीव आहे त्याला लेखनात सहभागाची संधी मिळालीच पाहिजे. मुयेम्बे प्रशिक्षित विषाणुतज्ज्ञ होते. प्रश्न पात्रतेचा नव्हता, निमंत्रणाचा होता.

८/ १९९५. किक्वित शहरात इबोला परतला. मुयेम्बे आणि सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्यांचे रक्त ८ रुग्णांना दिले, ७ वाचले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने परदेशी तज्ज्ञांना हा पुरावा पटला नाही. शास्त्रीय दृष्ट्या आक्षेप योग्य होता. निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्रथम लेखक काँगोली डॉक्टर होते.

९/ कल्पना मात्र मेली नाही. किक्वितच्या साथीतून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तपेशींतून अमेरिकी आणि काँगोली संशोधकांच्या सहकार्याने ‘एमएबी११४’ हे प्रतिपिंड तयार झाले. २०१८-१९ मध्ये पूर्व काँगोत, युद्धग्रस्त भागात, चार औषधांची तुलनात्मक चाचणी झाली. जुन्या औषधाच्या गटात सुमारे ५० टक्के रुग्ण दगावले, तर या प्रतिपिंडाच्या गटात सुमारे ३५ टक्के.

१०/ २०१९ मध्येच मुयेम्बे यांनी एक निर्णय जाहीर केला : या साथीतील रक्ताचे नमुने काँगोतच राहतील, ज्यांना अभ्यास करायचा आहे, त्यांनी किन्शासाला यावे. त्याच वर्षी पिओट यांनीही मान्य केले, की त्या काळी आफ्रिकी शास्त्रज्ञांना वगळले जाई आणि त्यामागे वसाहतवादी मानसिकता होती.

११/ त्या चाचणीचा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले नाव होते साबूए मुलांगू यांचे. ते किन्शासातील, मुयेम्बे यांच्याच संस्थेतील संशोधक. ‘लॅन्सेट’च्या त्या अंकापासून या पहिल्या नावापर्यंत पोहोचायला ४२ वर्षे लागली. (समाप्त)