अक्राणी महालातील घर आणि त्याचा दाखला

स्वतःचे घर श्रेयस्कर की भाड्याचे, हा प्रश्न पुण्यामुंबईचा नोकरदार गृहस्थ पहिल्या पगारापासून निवृत्तीपर्यंत स्वतःला विचारीत असतो, आणि त्याचा निकाल लावताना कधी काटकसरीचा तर कधी दैवाचा हवाला देतो. ज्याने पोटाला चिमटा घेऊन वेळेवर जागा घेतली तो शहाणा ठरतो. ज्याच्या वडिलांची चाळीतली खोली १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आश्रयाने जुन्याच भाड्यावर राहिली तो भाग्यवान ठरतो. सातपुड्याच्या माथ्यावरील धडगाव, म्हणजे जुन्या दप्तरातील अक्राणी महालाचे ठाणे, या प्रश्नाकडे पाहण्यासाठी कुणी सहसा निवडणार नाही. परंतु काटकसर आणि नशीब या दोहोंच्या मागे उभी असलेली तिसरी गोष्ट जितकी स्पष्ट तेथे दिसते तितकी ती शहरात दिसत नाही.

मराठी मुलखाला हा वाद नवा नव्हे. पेशवाईत देशावरच्या गावांत मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावकीत त्याला मान, आणि तो परागंदा झाला तरी परत येऊन आपल्या मिराशीवर हक्क सांगू शके. उपरी मात्र कौलाने जमीन करणारा, आज येथे तर उद्या पलीकडच्या गावी. असे असूनही कित्येक ठिकाणी मिरासदारावर साऱ्याचा बोजा अधिक पडे, तर उपऱ्याला पडीक जमीन उठविण्यासाठी सवलतीचा कौल मिळे. केवळ आकड्यांचा हिशेब मांडला असता तर अनेकांनी मिराशी सोडून उपरी होणे पत्करले असते. तसे त्यांनी केले नाही, यावरून मालकी ही त्या काळीही निव्वळ हिशेबाची बाब नव्हती असे दिसते.

अक्राणीच्या डोंगरात मात्र मिरासदारही नव्हता आणि उपरीही नव्हता. पावरा व भिल्ल कुटुंबाची वस्ती देशावरच्या गावासारखी गावकुसात दाटलेली नसून पाड्यापाड्यांनी विखुरलेली असते. ज्याचे शेत तेथेच त्याचे घर, आणि एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर मध्ये नाला किंवा टेकाड ओलांडावे लागे. सागाचे खांब, बांबूच्या कुडावर मातीचा लेप आणि वर कौले किंवा गवत, एवढे साहित्य जंगलातून व जवळपासच्या मातीतून येई. श्रम ‘लाह’ या परस्पर साहाय्याच्या रीतीने मिळत, म्हणजे पाड्यातील माणसे एकत्र येऊन काम उरकीत आणि घरधनी त्यांना जेवू घाली, पुढे त्यांच्या कामाला आपण जाई. अशा घराला कर्ज लागत नव्हते, भाडे लागत नव्हते, आणि विकत घेणाराही कोणी नव्हता. काटकसर होती, पण ती घरासाठी नव्हे. ती कणगीतल्या धान्यात, वाळवून ठेवलेल्या मोहफुलांत आणि बायकांच्या अंगावरच्या चांदीत साठे, व अडचणीच्या सालात ती चांदी सावकाराच्या पेटीत जाई.

या घरांत सरकारने प्रथम लक्ष घातले ते बंदोबस्ताच्या हेतूने. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेल्यावर काही वर्षे भिल्लांशी झुंजण्यात गेली. १८२५ पासून धोरण पालटले. औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, आणि भिल्लांना जमीन, बियाणे व तगाई देऊन एका जागी बसविण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. ज्या माणसाला घर आहे तो सापडतो, आणि जो सापडतो तो आटोक्यात राहतो, हे या औदार्यामागील गणित होते. मला हे गणित अगदीच कालबाह्य वाटत नाही. घरकर्जाचा हप्ता भरणारा कारकून सहसा संपावर जात नाही, हे अनेक मालकांना ठाऊक असते.

त्यानंतर १८७८ चा जंगल कायदा आला, डोंगर राखीव झाले, आणि पिढ्यान्पिढ्या त्याच ठिकाणी राहणारा मनुष्य कागदोपत्री अतिक्रमणदार बनला. काही ठिकाणी खात्याने वनगावे वसविली व तेथे मजुरीच्या हमीवर एकसाली पट्ट्याने जमीन दिली. म्हणजे जंगलाचा मूळ रहिवासी वनखात्याचा वर्षावर्षाचा भाडेकरू झाला. इतरांना दंड होई. येथे अक्राणीच्या काटकसरीचे सर्वांत विलक्षण रूप दिसते. २७ डिसेंबर १९७८ च्या शासननिर्णयाने, १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या मुदतीत वनजमिनीवर आदिवासींची जी वहिवाट चालू होती ती नियमित करण्याचे ठरले, तेव्हा वहिवाट सिद्ध करावयाची कशी हा पेच पडला. सातबारा नाही, खरेदीखत नाही. होती ती फक्त जंगल गार्डाने गुन्ह्याबद्दल फाडलेली दंडाची पावती. गुन्ह्याचा तोच कागद आता हक्काचा पुरावा झाला. ज्याने ती पावती जपली तो तरला; ज्याने गार्डाला कोंबडी देऊन प्रकरण मिटविले आणि पावती घेतलीच नाही, त्याच्या हाती काही उरले नाही. प्रामाणिकपणे दंड भरणाऱ्यास बक्षीस मिळाले असेही म्हणता येत नाही, कारण पावती देणे न देणे हे गार्डाच्या मर्जीवर होते.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्याने ही वाट पुन्हा अरुंद केली. प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असे दावे तपासताना केवळ लेखी कागदावर अडून न राहता इतर पुरावाही पाहावा असा मार्ग मोकळा केला, आणि अखेर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे जबाब, घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन यांनाही पुराव्यात स्थान मिळाले. मर्यादा चार हेक्टरांची, आणि वहिवाटीची अखेरची तारीख १३ डिसेंबर २००५. ज्याने त्या तारखेच्या आधी नांगर धरला तो धनी, आणि नंतर धरला तो पुन्हा अतिक्रमणदार. पत्रिकेतील शनीपेक्षा ही तारीख अधिक बलवत्तर ठरली.

नर्मदेकाठच्या गावांना अशीच दुसरी रेषा भोवली, ती पाण्याच्या पातळीची. सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांची ३३ गावे आली. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात ज्याची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल त्या खातेदारास किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन, आणि प्रत्येक कुटुंबास घरासाठी ६० फूट बाय ९० फुटांचा भूखंड ठरविला. निवाडा उदार होता हे मान्य केले पाहिजे; परंतु त्यातील जमीन खातेदारासाठी होती, आणि ज्यांच्या वहिवाटीला खातेच नव्हते त्यांना आपण ‘प्रकल्पग्रस्त’ आहोत हेच आधी सिद्ध करावे लागले. त्यासाठी मोर्चे झाले, डोमखेडीत वाढत्या पाण्यात सत्याग्रह झाले. जी कुटुंबे तळोद्याकडील वसाहतींत किंवा गुजरातेत उतरली त्यांच्यापैकी कित्येकांनी घराचे सागाचे खांब, तुळया व कौले उकलून बरोबर नेली. भूखंड सरकारचा, पण घर आपले.

आता धडगावच्या बाजाराकडे पाहावे. अक्राणी तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमान्वये आदिवासीची जमीन बिगर आदिवासीस परवानगीवाचून घेता येत नाही. या बंधनाची निकड १९७२ च्या सुमारास शहादे परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांनी उभ्या केलेल्या चळवळीने साऱ्या महाराष्ट्रास दाखविली होती. सपाटीवरील भिल्लांच्या जमिनी सावकारी कर्जात कशा सरकल्या होत्या हे तेव्हा चव्हाट्यावर आले. डोंगरावर त्याचा परिणाम असा की, बाहेरून आलेला मास्तर, तलाठी वा दुकानदार, त्याची शिल्लक कितीही असो, येथे बहुधा भाडेकरूच राहतो, किंवा शहाद्या-तळोद्याकडे बिऱ्हाड ठेवून घाटातून ये-जा करतो व मुख्यालयी राहत असल्याचा दाखला घरभाडे भत्त्यासाठी मिळवतो. उलटपक्षी, ज्याचे घर स्वतःचे आहे तो पावरा मनुष्य दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या पडावावर पालात राहतो, कारण त्याचा वनहक्काचा पट्टा वारसाहक्काने पुढे जाऊ शकत असला तरी कायद्याने तो विकता येत नाही. सावकारापासून वाचविणारे हेच बंधन त्याची बाजारातील पतही रोखून धरते. हे बंधन काढून टाकावे असे सुचविणारे लोक आहेत. शहाद्याचा इतिहास वाचल्यानंतर मला तसे म्हणवत नाही.

एका बाबतीत मात्र नवा कागद जुन्या कागदाहून निश्चित पुढे गेला आहे. १९७९ च्या निवाड्याने प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला. सज्ञान मुलीचा त्यात उल्लेख नव्हता, आणि सातबाऱ्यावर पत्नीचे नाव बहुधा पती वारल्यानंतरच चढे. २००६ च्या कायद्याने विवाहितांचा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे करण्याचे बंधन घातले. ज्या बायकांच्या अंगावरची चांदी दुष्काळात सावकाराकडे जात असे, त्यांच्या मुली-सुनांची नावे आता धडगावच्या तहसील कचेरीतील दप्तरात नवऱ्याच्या नावाशेजारी लिहिली जातात.