आडनावाची निवड आणि कुळाची ओळख

ज्ञातीतील कुटुंबांची सूची तयार करू लागले म्हणजे एकाच कुळाच्या दोन शाखा दोन निरनिराळ्या आडनावांखाली नोंदविलेल्या आढळतात, आणि मग दोहोंनी मिळून एकच आडनाव घ्यावे की काय, असा प्रश्न तरुण मंडळींकडून येतो. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्यात जमीनजुमल्याचे कागद, सोयरीक आणि कुलाभिमान ही तिन्ही गुंतलेली आहेत. म्हणून आपल्यांत आडनावे पडली कशी, हे आधी पाहणे बरे.

जुन्या काळी मनुष्याचा उल्लेख बहुधा त्याचे नाव व पित्याचे नाव एवढ्यावरच भागत असे. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे मूळ उपनाव चित्रे. परंतु इतिहास त्यांस बाळाजी आवजी म्हणूनच ओळखतो. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ; यांतील बल्लाळ म्हणजे बाळाजीच होत. पुढे चिटणिशी वंशपरंपरेने चालली आणि हुद्दा हेच आडनाव होऊन बसले. प्रसिद्ध बखरकार मल्हार रामराव हे चिटणीस, चित्रे नव्हेत. पोतनीस, कारखानीस, देशपांडे ही आडनावे अशीच दप्तरांतून घरांत आली. म्हणूनच हुद्द्यावरून जात ओळखू पाहणारा पुष्कळदा फसतो. देशपांडे आपल्यांत आहेत, तसे देशस्थांतही आहेत. आणि नाना फडणीस तर वेळासच्या भानू घराण्यातले चित्पावन. परगणे व कुलकर्णी वतने तत्कालीन मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने रद्द केली. आडनाव मात्र कोणत्याही सरकारास खालसा करता आले नाही!

दुसरा प्रकार गावाच्या नावाचा. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे (१८८५–१९७३) यांच्या घराण्याचा वृत्तान्त या बाबतीत बोधप्रद आहे. नाशिककडील धोडप किल्ल्यावरून पूर्वज धोडपकर म्हणविले गेले. वस्ती पनवेलास झाल्यावर वडील पनवेलकर झाले. आणि मुलास शाळेत घालताना त्यांनी ठाकरे हे कुळाचे जुने उपनाव लावले, असे सांगतात. ‘प्रबोधनकार’ ही पदवी तर त्यांच्या ‘प्रबोधन’ पत्रातून आलेली. आपल्या ज्ञातीबाहेर पाहिले तर मुंबईचे नाना शंकरशेट (१८०३–१८६५) हे मूळचे मुरकुटे. पित्याचे नाव तेवढे आडनावासारखे टिकले.

ही सारी चळ इंग्रजी अमदानीत थांबली. शाळेचा दाखला, विद्यापीठाची पदवी, सरकारी नोकरी यांस कायमचे आडनाव हवे असे. प्रस्तुत लेखकाने शाळेच्या जनरल रजिस्टरात वर्षानुवर्षे नावे लिहिली आहेत. सहा वर्षांच्या मुलाचे नाव घालताना पालक एखादे आडनाव सहज सांगून जातो, आणि तेच पुढे नातवंडांपर्यंत चालते.

स्त्रियांस तर हे स्थैर्यही लाभले नाही. विवाहात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहावयाचे, की जन्मापासूनचे नाव व आडनाव दोन्ही गेली! कायद्याची तशी सक्ती नाही, हे मुलींच्या पित्यांनी ध्यानी ठेवावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे. काही वडीलधाऱ्यांस तो रुचलेला नाही. मला तो न्याय्य वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन शाखांस एकत्र यावयाचे असेल तर हुद्द्याचे वा गावाचे नाव सोडून जुने उपनाव घ्यावे, असे माझे मत आहे. कारण हुद्दा एकाचा असतो, गाव बदलते, उपनाव मात्र दोघांचे असते. पण ते जुन्या कागदांवरून सिद्ध व्हावे. ऐकीव गोष्टीवरून भारदस्त नाव उचलणे म्हणजे परक्याच्या वंशावळीत शिरणे होय. शिवाय राजपत्रात प्रसिद्धी दिल्यावर सातबारा, बँक, पारपत्र अशी सर्व नावे बदलावी लागतात. ज्यांस हा खटाटोप झेपणार नाही त्यांनी चालू आडनाव खुशाल ठेवावे. परंतु वंशावळीत पूर्वीचे उपनाव, मूळ गाव, गोत्र व कुलदैवत लिहून ठेवावे, नाही तर पुढील पिढीत अजाणतेपणी भाऊबंदांतच सोयरीक जुळावयाची. सूचीच्या नोंदपत्रात यासाठी एक ओळ वाढविता येईल. माहेरचे उपनावही त्याच ओळीत यावे, आणि घरातील वृद्ध हयात आहेत तोवर ती भरून घ्यावी.