फुलाचा रंग का उडाला?

वनस्पतीशास्त्र, कवकशास्त्र आणि वैद्यक यांचे अभ्यासक एकमेकांच्या दारात सहसा फिरकत नाहीत. जनुकांच्या अभिव्यक्तीचा विषय मात्र या तिघांच्याही घरचा आहे. एकाच सजीवाच्या बहुतेक पेशींत जनुके तीच असतात. त्यांतले कोणते कुठे आणि किती व्यक्त होते, यावर पान पान होते नि मूळ मूळ. जनुकातली माहिती आधी संदेशवाहक आरएनएवर उतरते, मग तिच्यावरून प्रथिन घडते. एवढी शिदोरी घेऊन वाचकांनी निर्धास्तपणे आत यावे.

सुरुवात औषधापासून करण्याचा मोह होईल. माझा आग्रह फुलाचा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात गच्चीवरच्या कुंड्यांत फुलतो तोच हा पेटुनिया. जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून कॅरोलिन नेपोली, रिचर्ड जॉर्गन्सन आणि सहकाऱ्यांनी रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत रोपांत घातली. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अगदी उलटा होता. कित्येक रोपांना पांढरीशुभ्र फुले आली, काहींच्या पाकळ्या जांभळ्या-पांढऱ्या निघाल्या. बाहेरून घातलेले जनुक तर गप्प झालेच, रोपाचे स्वतःचेही झाले.

दोनच वर्षांनी रोममध्ये निकोलेता रोमानो आणि ज्युसेप्पे माचिनो यांनी न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीत असाच प्रयोग केला आणि तिचाही रंग उडाला. बुरशी झपाट्याने वाढते, त्यामुळे हे गप्प करणे ज्यांना जमत नाही असे वाण शोधणे सोपे गेले. अशा वाणांतूनच या यंत्रणेची जनुके हाती आली. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सूत्रकृमीत दाखवले की दुपदरी आरएनए हा या साऱ्याचा इशारा आहे. २००६ चे नोबेल त्यांना मिळाले, ते योग्यच; पण त्या यादीत पेटुनिया नाही, याची चुटपुट वनस्पतीवाल्यांना अजून आहे.

वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवा: इथे जनुक वाचलेच गेले नाही, की संदेश तयार होऊन मग नष्ट झाला? पेटुनियात संदेश तयार होत होता, पण टिकत नव्हता. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की अवघड वाटणाऱ्या आकृत्याही तुम्हाला उलगडू लागतील.

मग याच यंत्रणेवर चालणाऱ्या पॅटिसिरान या औषधाकडे वळा. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन आनुवंशिक दोषामुळे चुकीचे दुमडते आणि नसांत, हृदयात साचते. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध म्हणजे मेदकणांत गुंडाळलेला छोटा दुपदरी आरएनए. तो यकृतात पोचतो आणि तिथे त्या प्रथिनाचा संदेश तोडला जातो. डीएनएतला दोष जिथल्या तिथे राहतो, यकृत नवे संदेश काढतच राहते. म्हणून दर तीन आठवड्यांनी रुग्णाला ते पुन्हा शिरेतून द्यावे लागते.