शाकारणीची वही

आजीच्या जमाखर्चाच्या वहीत खर्चाला दोन रकाने असत: ‘घर’ आणि ‘बिऱ्हाडे’. नारायण पेठेतला आमचा वाडा अठरा खणांचा. त्यातले सहा खण तीन भाडेकऱ्यांकडे होते, म्हणून पावसाळ्याआधीच्या शाकारणीला गेलेल्या दर रुपयातले पाच आणे चार पै आजी ‘बिऱ्हाडे’खाली मांडायची. विजेचे बिल दिव्यांच्या संख्येवर वाटले जाई. वीस रुपयांवरच्या भाडेपावतीला रेव्हेन्यू तिकीट लागे. ते डकवायचे काम माझे, आणि त्याचे पैसेसुद्धा त्याच रकान्यात. “दुसऱ्याच्या डोक्यावरच्या कौलाचा खर्च आपल्या संसारात मिसळू नये,” असे ती सांगायची.

तिन्ही खोल्यांचे भाडे महिन्याला 52 रुपये. ते वाढवता येत नव्हते. मुंबई राज्याच्या 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते, तेच ‘प्रमाण भाडे’ ठरवले होते. युद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण कौले, चुना आणि गवंड्याची मजुरी 1940 सालात थांबली नव्हती.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले. वहीतल्या त्या पानांवर शाई पसरलेली आहे, पण आकडे वाचता येतात. गाळ काढणे, पडलेली भिंत, वाहून गेलेली दारे. भाड्याच्या खोल्यांच्या वाट्याला 318 रुपये आले.

आजोबांचा शाळेतला पगार आणि हे भाडे मिळून आम्ही जेमतेम प्राप्तिकराच्या कक्षेत होतो. वर्षाचे भाडे 624 रुपये. त्यातून त्या खोल्यांपुरती भरलेली घरपट्टी 84 रुपये वजा झाली आणि 540 उरले. दुरुस्तीसाठी कायदा एक षष्ठांश वजावट देई. 1922च्या कायद्यात हेच प्रमाण होते, 1961च्या कायद्यानेही तेच ठेवले. म्हणजे 90 रुपये. खर्च काहीच झाला नाही तरी 90, आणि 318 झाला तरीही 90. विमा, भाडेवसुली, रिकामी राहिलेली खोली यांसाठी निराळ्या वजावटी होत्या. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असते तर त्याचे व्याजही वजा झाले असते. वकिलांनी तसे विचारलेही. पण आजीने पाटली मोडली होती, आणि मोडलेल्या पाटलीवर व्याज नसते.

पुण्यातले वाडे का पडले, याचे उत्तर मला या वहीत मिळाले. मालकांना बिल्डरच्या पैशाचा मोह पडला, असे सर्रास म्हटले जाते. आमच्या वहीत 1970 नंतर ‘बिऱ्हाडे’ या रकान्यातला खर्च बहुतेक वर्षी जमेपेक्षा जास्त आहे. मग एक वर्ष शाकारणीची नोंदच नाही. कौले फुटली की पाणी तुळयांत मुरते, आणि सागवानसुद्धा किती वर्षे तग धरणार? गोठवलेले भाडे काळाशी विसंगत झाले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली सांगितले. 31 मार्च 2000पासून लागू झालेल्या नव्या राज्य कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. तोवर आमचा वाडा उतरवलेला होता.

आता मी फ्लॅटमधली एक खोली दोन विद्यार्थिनींना देते. 2002-03 या कर आकारणी वर्षापासून घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट 30 टक्के वजावट मिळते; निव्वळ खोलीचे भाडे असेल तर दुरुस्तीच्या पावत्या कोणी मागत नाही. कायदा सोपा झाला, याचा मला आनंद आहे. तरी मी दोन रकाने आखतेच. सरकारला किती दाखवायचे ते 30 टक्क्यांत भागते. छप्पर टिकवायला किती लागते, ते मात्र मलाच लिहून ठेवावे लागते.