फुगा, बाण आणि टिपूचं श्रेय

शब-ए-बरातीनंतर शाळेत आलेल्या एका मुलाची उजवी भुवई अर्धी जळलेली होती. विचारलं तर आधी गप्प, मग शेजारच्यानेच चुगली केली. परसात दोरीला गॅसचा फुगा बांधला होता आणि त्यावर रॉकेट सोडलं होतं. तिसरं रॉकेट लागलं. भडका उडाला तेव्हा हा जवळच उभा होता. रागावून झाल्यावर त्यानेच मला विचारलं, "सर, पण रॉकेट तर टिपू सुलताननेच शोधलं ना?"

या प्रश्नाला "हो" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खरं उत्तर जास्त लांब आहे, आणि जास्त चांगलंही.

आधी फुग्याचं. जत्रेत, उरुसात मिळणाऱ्या फुग्यांत स्वस्त पडतो म्हणून अनेकदा हायड्रोजन भरतात. हा वायू फुग्यात भरून पहिल्यांदा उडवला तो पॅरिसमध्ये, ऑगस्ट १७८३ मध्ये, जाक शार्ल यांनी. पुढे सैन्यांनी त्याच फुग्याला टोपली बांधली आणि शत्रूची हालचाल पाहायला माणूस वर चढवला. पहिल्या महायुद्धात असे फुगे आघाडीच्या मागे ओळीने तरंगत. टोपलीतला निरीक्षक टेलिफोनवरून खालच्या तोफांना नेम सांगे. फुगा पाडणं म्हणजे तोफखान्याचे डोळे काढणं.

पण साध्या गोळ्यांनी तो पडत नसे. नुसता हायड्रोजन पेटत नाही, त्याला हवा मिसळावी लागते. गोळीने बारीक भोक पडे, वायू हळूहळू गळे, आणि खालची माणसं फुगा ओढून घेत. फ्रेंच नौदलातले अधिकारी ईव्ह ल प्रियर यांनी यावर जे शोधलं, ते आमच्या पोरांना लगेच ओळखू येईल. पुठ्ठ्याची नळी, तीत काळी दारू, टोकाला धारदार पातं आणि मागे लाकडी काठी. विमानाच्या पंखांमधल्या खांबांना अशी आठ रॉकेटं बांधत. पात्याने फुगा फाटायचा, हवा आत शिरायची, आग लागायची. मे १९१६ मध्ये व्हर्दनच्या आघाडीवर या रॉकेटांनी जर्मन फुगे पेटवले. नेम मात्र इतका कच्चा की वैमानिकाला फुग्याच्या अगदी जवळ, शंभरेक मीटरवर जावं लागे. पुढे आग लावणाऱ्या गोळ्या आल्या आणि ही रॉकेटं मागे पडली.

आता टिपूचं. रॉकेट चीनमध्ये जन्मलं, टिपूच्या शेकडो वर्षं आधी. हिंदुस्थानातही ते जुनंच होतं. मराठी कागदपत्रांत लढाईच्या वर्णनात 'बाण' येतात, ते पुष्कळदा हेच. मराठ्यांकडे होते, मोगलांकडे होते. मग हैदर अली आणि टिपूने काय केलं? नळी लोखंडाची केली. लोखंडी नळी दारूचा दाब जास्त सोसते, म्हणून बाण जास्त लांब जातो. शिवाय बाणवाल्यांच्या शिस्तबद्ध तुकड्या उभ्या केल्या. १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांना त्याचा चटका बसला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, बाण इंग्लंडला गेले आणि काही वर्षांतच विल्यम काँग्रीव्ह यांनी त्यांवर प्रयोग करून इंग्रजांचं रॉकेट घडवलं. १८०७ मध्ये त्याच रॉकेटांनी कोपनहेगन शहर पेटवलं.

अब्दुल कलामांनी 'अग्निपंख'मध्ये अमेरिकेतल्या वॉलॉप्स केंद्रावर पाहिलेल्या चित्राची आठवण लिहिली आहे. त्यात इंग्रजांवर रॉकेट सोडणारे टिपूचे सैनिक होते. २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात एका जुन्या विहिरीतून त्या काळचे हजाराहून जास्त गंजलेले बाण निघाले. पुरावा इतका भक्कम असताना आपण फुगवून का सांगावं? "टिपूने रॉकेट शोधलं" असं म्हटलं की समोरचा चीनचं नाव घेतो आणि आपलं खरं श्रेयही त्यासोबत वाहून जातं. फुगवलेल्या गोष्टीला टाचणी पुरते.

दुसरी गोष्टही त्या मुलाला सांगितली. आपण उर्दूत 'आतिशबाज़ी' म्हणतो. आतिश म्हणजे आग, बाज़ी म्हणजे खेळ. व्हर्दनच्या फुग्याखाली टोपलीत एक जिवंत माणूस असे. त्याच्याकडे पॅराशूट असे, आणि आग लागायच्या आत उडी मारायची एवढंच त्याच्या हाती. कोपनहेगनच्या घरांतल्या लोकांकडे तेही नव्हतं. बाणाचा अभिमान बाळगायचा तर तो जिथे पडला ती जागाही पाहायला हवी.

मुलाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे लोखंडी नळी आपली?"

म्हटलं, "हो, ती आपली. आणि भुवईही तुझीच."