काढलेली फळे टिकवावी कशी?

इस्राएलला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी कच्चे आंबे थेट फ्रिजमध्ये ठेवले. साल डागाळली, आंबे काही पिकले नाहीत, सगळे फेकावे लागले. कोकणात आजी आढी घालायची तेच बरोबर होते. कच्च्या आंब्याला १३ अंशांखालची थंडी बाधते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदात ठेवा. पिकल्यावर मग फ्रिज.

सफरचंद आणि पिकलेले केळे इथिलीन वायू सोडतात. अवोकाडो लवकर पिकवायचा तर कागदी पिशवीत त्यासोबत सफरचंद टाका, एरवी लांब ठेवा. द्राक्षे, संत्री, डाळिंबे तोडल्यावर आणखी पिकत नाहीत, ती सरळ फ्रिजमध्ये. रोश हशानाची अखंड डाळिंबे तिथे महिनाभर राहतात. धुवायचे ते खायच्या वेळी. ओल्या फळाला बुरशी आलीच.

आता नर्स म्हणून सांगते. बुरशी आलेला पीच "तेवढं कापलं की झालं" म्हणून खाऊ नका. मऊ फळात बुरशी आतवर गेलेली असते, दिसत नाही. आपल्या वयात, त्यातून मधुमेह असला तर मुळीच नको. पेन्शनीतले पैसे, फेकायला जीव होत नाही, मला ठाऊक आहे. मी आता आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा किलोच आणते.