पेराल्टा, राफाएल

पेराल्टा, राफाएल : (७ एप्रिल १९७९–१५ नोव्हेंबर २००४). अमेरिकेच्या मरीन कोअरमधील सार्जंट आणि इराक युद्धात मरण पावलेले मेक्सिकन स्थलांतरित सैनिक. त्यांचा जन्म मेक्सिको सिटी येथे झाला. पुढे कुटुंबासह ते कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे आले आणि तेथील मोर्स हायस्कूलमधून १९९७ मध्ये त्यांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीनकार्ड, २००० मध्ये हाती आले त्याच दिवशी ते मरीन कोअरमध्ये दाखल झाले. नागरिकत्व त्यांना नंतर, सेवेत असताना मिळाले. फलूजाच्या लढाईतील कामगिरीबद्दल त्यांना मरणोत्तर ‘नेव्ही क्रॉस’ हे नौदल व मरीन कोअरचे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक देण्यात आले. भारतातील परमवीरचक्राच्या तोडीचे ‘मेडल ऑफ ऑनर’ मात्र तीन संरक्षणमंत्र्यांच्या कारकिर्दीत विचार होऊनही नाकारले गेले. मृत सैनिकाचा गौरव कोणत्या पुराव्यावर उभा राहावा, हा या प्रकरणातला मूळ प्रश्न आहे.

निर्विवाद घटनाक्रम थोडका आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकी व इराकी फौजांनी फलूजा शहर घरोघर झडती घेत ताब्यात घेतले. पेराल्टा तिसऱ्या मरीन रेजिमेंटमधील पहिल्या बटालियनच्या ‘अल्फा’ कंपनीत टेहळणीच्या कामावर होते. झडती घेणाऱ्या पथकात माणसे कमी पडत असल्याने १५ नोव्हेंबरला ते आपणहून त्यात सामील झाले. एका घराच्या आतल्या खोलीचे दार उघडताच गोळीबार झाला आणि ते जबर जखमी होऊन कोसळले. पाठोपाठ आतून हातबॉम्ब आला. पडल्या जागेवरून हात लांबवून पेराल्टांनी तो अंगाखाली ओढला आणि त्यामुळे जवळचे साथीदार वाचले, असे घरातील अनेक सैनिकांनी सांगितले. या साक्षींच्या आधारे मरीन कोअर आणि नौदल खाते या दोहोंनी सर्वोच्च पदकाची शिफारस केली.

शवविच्छेदनाने प्रश्न उभा केला. त्यांच्या डोक्यात गोळीचा तुकडा सापडला होता. गोळी आदळून उलटलेली आणि बहुधा आपल्याच सैनिकाच्या बंदुकीतली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. अशा जखमेनंतर जाणीवपूर्वक हालचाल शक्य आहे काय, हे तपासण्यासाठी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी पाच जणांचे मंडळ नेमले. इराकमधील एक माजी सेनाधिकारी, मेडल ऑफ ऑनरचा एक मानकरी, एक मेंदुशल्यविशारद आणि दोन न्यायवैद्यक तज्ज्ञ असे ते मंडळ होते. मंडळाचे मत प्रतिकूल आले आणि सप्टेंबर २००८ मध्ये गेट्स यांनी शिफारस नाकारून नेव्ही क्रॉस मंजूर केला. लिऑन पॅनेटा (२०१२) आणि चक हेगल (२०१४) यांनीही तो निर्णय बदलला नाही. २०१४ मध्येच दोन माजी सहकाऱ्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला सांगितले की, पेराल्टांनी बॉम्ब ओढून घेतला नव्हता, तो त्यांच्याजवळ फुटला होता.

खरी विसंगती नेव्ही क्रॉसच्या मानपत्रात आहे. पेराल्टांनी हात लांबवून बॉम्ब अंगाशी ओढला आणि सहकाऱ्यांचे रक्षण केले, असे त्यात निःशंकपणे लिहिले आहे. म्हणजे जी कृती सिद्ध होत नाही म्हणून एक पदक नाकारले, तीच कृती घडली असे म्हणून दुसरे दिले. यावर उत्तर असे दिले जाते की, पदकागणिक पुराव्याची कसोटी वेगळी असते; सर्वोच्च पदकाला संशयाची फटही चालत नाही, खालच्या पदकाला चालते. कसोट्या वेगळ्या असाव्यात, हे मान्यच आहे. परंतु सैल कसोटीवर स्वीकारलेली गोष्ट लिहिताना तिचा संशयही सोबत लिहावा लागतो. मानपत्रात तो कोठेच नाही. शासनाला वाद मिटवायचा होता आणि कोणालाच दुखवायचे नव्हते, असाच याचा अर्थ निघतो.

पेराल्टा मेक्सिकन होते म्हणून त्यांना डावलले, असाही आक्षेप घेतला गेला. इतिहास पाहता हा संशय निराधार म्हणता येत नाही. ज्यू व हिस्पॅनिक सैनिकांवर पूर्वी अन्याय झाला काय, हे तपासण्याचा आदेश अमेरिकी काँग्रेसने २००२ मध्ये दिला आणि त्या फेरतपासणीतून मार्च २०१४ मध्ये २४ जणांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. त्यांपैकी २१ मरणोत्तर होते. मात्र पेराल्टांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या दलानेच शिफारस केली होती आणि नकाराची कारणे वैद्यकीय होती. शिवाय वीरकथा रंगवण्याची खोड वंश पाहून चालत नाही. एप्रिल २००४ मध्ये अफगाणिस्तानात मेलेले पॅट टिलमन अमेरिकेतच जन्मलेले, अमेरिकन फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांनी ते गेले, तरी त्यांच्या ‘सिल्व्हर स्टार’ या शौर्यपदकाच्या मानपत्रात शत्रूच्या गोळीबाराचे वर्णन आले.

स्थलांतरित असण्याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी दिसतो. पेराल्टांच्या खोलीतील भिंतीवर अमेरिकेची राज्यघटना लावलेली होती, हा तपशील त्यांच्या अनेक चरित्रांत येतो. जन्माने नागरिक असलेल्या सैनिकाची भिंत कोणी तपासत नाही. परदेशातून आलेल्याच्या शौर्यावर देशनिष्ठा सिद्ध करण्याचे जादा ओझे पडते आणि मग मृत्यूची कथा अधिकाधिक निर्दोष असावी लागते. मेलेल्याची चिकित्सा करणे कृतघ्नपणाचे आहे, असे कोणी म्हणेल. पण जिवंत मानकरी आपल्याविषयीची अतिशयोक्ती स्वतः खोडू शकतो. मृताला ती सोय नाही. म्हणून त्याच्याविषयी लिहिणाऱ्यावर जबाबदारी अधिक येते.

कुटुंबाने आधी नेव्ही क्रॉस स्वीकारला नाही. अखेर जून २०१५ मध्ये कॅम्प पेंडलटन येथे नौदलमंत्री रे मेबस यांच्या हस्ते आई रोझा पेराल्टा यांनी तो घेतला. ‘यूएसएस राफाएल पेराल्टा’ ही विनाशिका २९ जुलै २०१७ रोजी सॅन दिएगो येथे नौदलात दाखल झाली. या सन्मानांना आधार म्हणून शेवटच्या काही सेकंदांचा निवाडा लागत नाही. ते काम त्यांच्याकडे नव्हते, धोका त्यांना ठाऊक होता आणि तरीही ते आपणहून त्या पथकात गेले. एवढे विरोधी साक्षींनंतरही शिल्लक राहते. पेराल्टांचे शौर्य याच कृतीच्या आधारे नोंदवावे आणि हातबॉम्बची घटना वादग्रस्त म्हणून तिच्याशेजारी ठेवावी. त्याने त्यांचा मान कमी होत नाही, आणि पुढच्या तपासात काहीही निघाले तरी तो काढून घ्यावा लागत नाही.